कनवटीची जागा मोबाईलने घेतली, सावधपणाचे काय?
(प्रवासात पैशाचे व्यवहार करताना घ्यावयाची दक्षता)



आपला समाज प्रवास करणारा समाज आहे. दसरा आला की नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाडचे चवदार तळे. थंडी सुरू झाली की बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि जमले तर सीमा ओलांडून लुंबिनी. महाबोधी महाविहार मुक्तीच्या आंदोलनासाठीही फेब्रुवारी २०२५ पासून आपली माणसे गटागटाने बोधगयेला जात राहिली. वर्षभर हातावर पोट घेऊन जगणारा माणूससुद्धा या दिवसांसाठी पै पै साठवतो आणि निघतो.

पूर्वी आमच्या आया-आज्या निघाल्या की पैसे लुगड्याच्या कनवटीला असत. बापमाणसे सदऱ्याच्या आतल्या खिशाला सेफ्टी पिन लावीत. रेल्वेच्या डब्यात झोपताना एक हात त्या खिशावर असे. चोर हात घालील तर जाग येईल, एवढी व्यवस्था पुरेशी होती. आज पैसे मोबाईलमध्ये आहेत. चहावाल्याला, रिक्षावाल्याला, विहाराच्या दानपेटीलाही आपण मोबाईलनेच पैसे देतो. परंतु या नव्या कनवटीवर हात ठेवून झोपण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. चोराला ते चांगले ठाऊक आहे!

या विषयावर लिहिण्याचे कारण आमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक घटना आहे. तिच्यात आमचाही दोष आहे, म्हणून ती लपवून उपदेश करणे आम्हाला बरे वाटत नाही.

हावडा मेलमधील ती दुपार

फेब्रुवारी २०२४. आमच्या वस्तीतील महिला मंडळाने दीड वर्ष भिशी करून बोधगयेची सहल ठरविली होती. बावीस माणसे, त्यात सोळा स्त्रिया. हिशेब ज्या ताईंकडे होता त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. दहावी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखे आणि पैशाला पैसा जुळविणाऱ्या. राहण्या-जेवणाचे पैसे त्यांच्या बँक खात्यात होते. कल्याणहून आम्ही गयामार्गे जाणाऱ्या हावडा मेलमध्ये बसलो.

निघण्याच्या आदल्या दिवशी दोघीजणी आजारी पडल्यामुळे त्यांची तिकिटे रद्द केली होती. त्यांचे सुमारे बाराशे रुपये परत यायचे होते. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे अडकले ही गोष्ट ताईंच्या जिवाला लागलेली. दुपारी इटारसी मागे पडल्यावर त्यांनी आम्हाला विचारले, "दादा, परताव्यासाठी फोन कुठे करायचा?" आम्ही वरच्या बाकावर आडवे झालो होतो. आम्ही म्हणालो, "गूगलवर बघा ना ताई, तिथे सगळे असते." एवढे बोलून आम्ही कूस बदलली.

ताईंनी गूगलवर पाहिले. सर्वात वर जो क्रमांक आला त्यावर फोन लावला. पलीकडे गोड आवाज. "मॅडम, घबराइये मत, अभी हो जायेगा." त्याने तिकिटाचा क्रमांक विचारला, नाव विचारले. मग म्हणाला, पैसे पाठविण्याचे अ‍ॅप उघडा, आमचा क्रमांक टाका, आणि जिथे आकडा लिहायची चौकट आहे तिथे परताव्याचा कोड भरा. कोड होता ९९९९. त्यानंतर पिन टाकायला सांगितला. गाडी हलत होती, नेटवर्क येत-जात होते, शेजारी मूल रडत होते. ताईंनी पिन टाकला. "फेल हो गया मॅडम, एक बार और." पुन्हा ९९९९. मग "नया कोड" म्हणून ४५००.

तो कोड नव्हता, ती रक्कम होती! ९,९९९, पुन्हा ९,९९९ आणि ४,५००. एकूण २४,४९८ रुपये बाराशेच्या परताव्यापायी गेले. बँकेचे संदेश आले तेव्हा ताईंना समजले, आणि त्या गप्प झाल्या. रात्री जेवल्या नाहीत. आम्ही विचारले तर म्हणाल्या, डोके दुखते. दुसऱ्या दिवशी गया स्टेशनवर उतरल्यावर रिक्षावाल्यांना पैसे द्यायची वेळ आली, तेव्हा त्या फलाटावरच खाली बसल्या आणि रडू लागल्या.

मधला वेळ सुमारे वीस तास. हे वीस तास वाया गेले ते लाजेमुळे. तक्रार नोंदविली तेव्हा शेवटचे ४,५०० रुपये एका खात्यात शिल्लक सापडले आणि ते रोखले गेले. कागदपत्रे आणि न्यायालयाचा आदेश असे सोपस्कार होऊन ते काही महिन्यांनी परत आले. उरलेले १९,९९८ रुपये आजतागायत आलेले नाहीत.

पैसे गेले ते गेले. परंतु परत आल्यावर वस्तीत कुजबूज सुरू झाली. "कशावरून चोराने नेले?" "बायकांच्या हाती हिशेब दिला की असेच व्हायचे." ताईंनी विहारात येणे बंद केले. आणि आम्ही, ज्यांनी कूस बदलली होती, तीन महिने ती कुजबूज ऐकत राहिलो.

तथागतांनी गृहस्थाला काय सांगितले?

काहीजण म्हणतील, धम्माच्या पत्रात पैशाच्या गोष्टी कशाला? त्यांनी अंगुत्तर निकायातील दीघजाणू सुत्त पाहावे. कोलिय देशातील दीघजाणू हा संसारी माणूस तथागतांकडे आला. आम्ही बायकापोरांत राहणारी माणसे, आमचे या जन्मी भले होईल असे काही सांगा, अशी त्याने विनंती केली. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. पहिली उट्ठान संपदा, म्हणजे उद्योग आणि कौशल्य. दुसरी आरक्ख संपदा, म्हणजे घाम गाळून मिळविलेल्या धनाचे रक्षण. तिसरी कल्याणमित्रता. चौथी समजीविता, म्हणजे आवक पाहून खर्च.

कष्टाचे धन चोरांच्या हाती जाऊ नये याची काळजी घेणे हे स्वतः तथागतांनी गृहस्थाचे कर्तव्य सांगितले आहे. तो लोभ नव्हे. तसेच प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि पुढे चलनविषयक शाही आयोगापुढे साक्षही दिली. ज्या महापुरुषाने देशाच्या चलनाचा एवढा खोल अभ्यास केला, त्याच्या अनुयायांनी आपल्या खात्यातील व्यवहाराबाबत अडाणी राहणे शोभत नाही. पैसे पाठविण्याच्या सरकारी अ‍ॅपला ३० डिसेंबर २०१६ रोजी 'भीम' हे नाव मिळाले. नावाचा अभिमान असावाच, परंतु ते वापरण्याचे ज्ञानही असावे.

एक वाक्य पाठ करा

संपूर्ण लेख विसरलात तरी चालेल, पण हे वाक्य घरातील प्रत्येकाने पाठ करावे: पैसे देण्यासाठी पिन लागतो, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

कोणी म्हणाले, परतावा देतो पिन टाका, बक्षीस लागले आहे चौकोनी कोड स्कॅन करा, लष्करात आहे, आगाऊ पैसे पाठवतो, फक्त मान्यता द्या, तर तिथेच फोन ठेवावा. पिन टाकला म्हणजे आपण सही केली. मग समोरच्याने त्याला कोड म्हटले काय अन् परतावा म्हटले काय!

रेल्वेचे तिकीट ऑनलाईन काढून रद्द केले तर परतावा ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच आपोआप येतो. त्याला काही दिवस लागतात, पण पिन, ओटीपी, नवे अ‍ॅप यापैकी काहीही लागत नाही. शंका असेल तर रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे. गूगलवर वर दिसणारा क्रमांक खरा असतोच असे नाही. तिथे जाहिरात देऊन किंवा खोटी माहिती भरून चोरही आपला क्रमांक वर आणू शकतो. बँकेचा क्रमांक पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो, तोच खरा. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले आहे. पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावून घ्यावी.

निघण्यापूर्वी घरीच करावयाची कामे

बॅग भरताना जसे आपण औषध, चादर, पाण्याची बाटली आठवणीने घेतो, तशीच ही तयारी आहे. तासाभराचे काम आहे. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून करावे.

पहिले काम, खाती वेगळी करणे. पगाराचे किंवा बचतीचे मुख्य खाते मोबाईलच्या पैसे देण्याच्या अ‍ॅपला जोडू नये. दुसऱ्या बँकेतील लहान खाते जोडावे आणि प्रवासाला लागतील तेवढेच पैसे त्यात ठेवावेत. कोणी हात मारलाच तर खिसा जाईल, तिजोरी जाणार नाही. चहापाण्यासाठी यूपीआय लाईट ही सोय आहे. त्यात थोडी रक्कम वेगळी काढता येते आणि छोट्या खर्चाला पिन लागत नाही. त्यामुळे गर्दीत चारचौघांसमोर वारंवार पिन टाकण्याची वेळ येत नाही. मात्र पिन लागत नसल्यामुळेच त्यात कमी पैसे ठेवावेत आणि मोबाईलला कुलूप असावे.

दुसरे काम, पिन बदलणे. येथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचा पिन १४०४, १८९१, १९५६ किंवा ०६१२ असतो. भावना चांगली आहे. परंतु मोबाईल उघडताच बाबासाहेबांचे छायाचित्र दिसते, आणि चोरालाही १४ एप्रिल ठाऊक असतो! महापुरुषांच्या तारखा हृदयात ठेवाव्यात, पिनमध्ये नव्हे. तसेच मोबाईलच्या कुलपाचा आकडा आणि बँकेचा पिन एकच नसावा. पिन कार्डाच्या पाकिटावर किंवा मोबाईलच्या नोंदवहीत लिहू नये.

तिसरे काम, सिमकार्डाला कुलूप लावणे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये सिम लॉकची सोय असते. ते लावले नाही तर चोर आपले सिम काढून दुसऱ्या मोबाईलमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. हे करताना सिम कंपनीने दिलेला मूळ आकडा माहीत असावा, कारण तो वारंवार चुकला तर सिम अडकते. याचबरोबर कुलूपबंद पडद्यावर संदेशातील मजकूर दिसणार नाही अशी व्यवस्था करावी.

चौथे काम, कार्डाची दारे बंद करणे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमामुळे आपण बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचा ऑनलाईन वापर आणि परदेशातील वापर चालू-बंद करू शकतो, मर्यादाही ठरवू शकतो. लागत नाही ते बंद ठेवावे. लुंबिनीला जाणाऱ्यांनी परदेशातील वापर त्या दिवसांपुरता चालू करावा आणि परतताच बंद करावा. मार्च २०२४ पासून नेपाळमधील दुकानांत आपल्या यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली आहे. पण आपल्या अ‍ॅपमध्ये ती चालू करावी लागते आणि सीमेपलीकडे आपले सिम चालेल का हेही आधी विचारावे लागते. म्हणून लागणारी रोख रक्कम जवळ असावीच.

पाचवे काम, आधारच्या बोटांच्या ठशांना कुलूप. आधारवर चालणाऱ्या व्यवहारात ठसा उमटला की पैसे निघतात, ओटीपी येत नाही. याचा गैरफायदा घेतल्याची प्रकरणे घडली आहेत. आधारच्या अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून ठसे कुलूपबंद करता येतात आणि गरजेला उघडताही येतात. लॉजवाला आधारची प्रत मागेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी झाकलेली प्रत द्यावी. तीही तिथूनच उतरवून घेता येते.

सहावे काम सर्वात सोपे. एका कागदावर बँकेचा क्रमांक, सिम कंपनीचा क्रमांक, १९३० आणि घरच्या दोन माणसांचे क्रमांक लिहावेत आणि तो कागद मोबाईलपासून वेगळा ठेवावा. सगळे क्रमांक मोबाईलमध्ये आणि मोबाईलच चोरीला गेला, मग करणार काय?

वाटेत आणि मुक्कामी

प्रवासात आपण थकलेले असतो, घाईत असतो आणि अनोळखी माणसांच्या मदतीवर अवलंबून असतो. चोर याच तीन गोष्टींचा फायदा घेतो. म्हणून पहिला नियम हा की, गर्दीत आणि घाईत मोठा व्यवहार करू नये. डबा शांत झाल्यावर, सोबत्याला शेजारी बसवून करावा.

स्टेशनवरील फुकटचे वायफाय भाषणे ऐकण्यास, गाडीची वेळ पाहण्यास चांगले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून ही सोय सुरू झाली. बँकेचे अस्सल अ‍ॅप माहिती कुलूपबंद करूनच पाठवते हे खरे, परंतु मिळत्याजुळत्या नावाचे खोटे वायफाय उभारून खोटे पान दाखविणारे लोक असतात. पैशाचे काम आपल्या सिमच्या इंटरनेटवरच करावे. नेटवर्क नसेल तर सोबत्याचे घ्यावे. झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर बँकेचे खाते उघडू नये. तिकीट छापायला व्हॉट्सअ‍ॅप जोडले असेल तर तोडूनच बाहेर पडावे.

मोबाईल चार्ज करताना आपला चार्जर थेट भिंतीच्या प्लगला लावावा. कोणाच्या संगणकाला किंवा अनोळखी वायरीला लावू नये.

एटीएममध्ये "काका, मी काढून देतो" म्हणणारा तरुण अनेकदा कार्डच बदलून देतो. आपल्या वयोवृद्धांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मदत लागली तर रखवालदाराला विचारावे किंवा बँकेच्या वेळेत आत जावे. आकडे दाबताना दुसरा हात वर झाकण म्हणून धरावा आणि कार्ड परत घेताना त्यावरचे नाव वाचावे.

दुकानात किंवा दानासाठी चौकोनी कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर ज्याचे नाव येते ते मोठ्याने वाचावे आणि समोरच्याला विचारावे, "हे तुमचेच ना?" खऱ्या कोडवर दुसरा कागद चिकटविण्याची युक्ती जुनी आहे. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या गर्दीत भोजनदानाच्या, पुस्तकाच्या, वर्गणीच्या नावाने कोड पुढे केला जातो. दान जरूर द्यावे, पण संस्थेचे नाव पडद्यावर दिसल्याशिवाय देऊ नये. एखाद्या माणसाचेच नाव दिसले तर पावती मागावी. त्यात संकोच कसला?

मुक्कामाची खोली आधी ठरवितानाही जपावे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने यात्रेकरूंना खोट्या संकेतस्थळांबाबत सावध केले होते. सुंदर छायाचित्रे, अर्धे भाडे, "आत्ताच आगाऊ भरा" असा आग्रह, आणि भरल्यावर फोन बंद. बोधगयेला आधी जाऊन आलेल्या आपल्या माणसाकडून विहाराचा, धर्मशाळेचा क्रमांक घ्यावा. कल्याणमित्र म्हणतात तो हाच!

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपवर मंगल परिणयाची पत्रिका, वाहनाचा दंड, तिकिटाची प्रत अशा नावाने फाईल येते आणि तिच्या शेवटी 'एपीके' असते. पत्रिका चित्राच्या रूपात येते, तिला अ‍ॅप बसवावे लागत नाही. अशी फाईल उघडली की मोबाईलमध्ये चोर शिरतो आणि आपले संदेश वाचू लागतो. ती ओळखीच्या क्रमांकावरून आली तरी उघडू नये, कारण त्या ओळखीच्या माणसाचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. त्याचप्रमाणे मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दाखविणारे अ‍ॅप कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नये.

मोबाईल चोरीला गेला तर

गर्दीत मोबाईल गेला की माणूस आधी मोबाईलची किंमत मोजतो. ते नंतर. सोबत्याच्या मोबाईलवरून लगेच सिम कंपनीला फोन करून सिम बंद करावे. लगोलग बँकेला फोन करून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड थांबवावे. नंतर पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी. त्या प्रतीच्या आधारे 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरून तो मोबाईलच निकामी करता येतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. त्यासाठी मोबाईलचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. तो खोक्यावर असतो. वरच्या कागदावर तोही लिहून ठेवावा.

पैसे गेले तर: लाज नको, घड्याळ बघा

१९३० या क्रमांकावर तात्काळ फोन करावा. रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि आपली बँक सांगावी. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. आपले पैसे चोर एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतो आणि मग काढून घेतो. तो काढण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर मधल्या खात्यात ते रोखता येतात. म्हणून येथे तास नव्हे, मिनिटे मोजावी लागतात. आमच्या ताईंनी इटारसीच्या पुढे गाडीतूनच फोन केला असता, तर कदाचित अधिक पैसे वाचले असते.

त्याचवेळी बँकेलाही कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. "तुमची हद्द नाही" असे पोलीस ठाण्यात सांगितले तरी मागे फिरू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. तो आपला अधिकार आहे.

बँकेच्या जबाबदारीबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले आणि त्याच वर्षी सहकारी बँकांनाही तसे नियम लावले. त्याचा सारांश असा: चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, मधल्याच कोणी केली, आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तरीही भार शून्य. चार ते सात दिवसांत कळविले तर साध्या मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० आणि इतर बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत भार. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर ठेवली. परंतु आपणच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले, आणि कळविल्यानंतरचे बँकेचे! म्हणजे कसेही पाहिले तरी लवकर कळविणाराच वाचतो. या नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असतात, तेव्हा शाखेत जाऊन आज लागू असलेला नियम लेखी मागावा. बँकेने महिनाभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्याला वकील लागत नाही.

ताई पुन्हा विहारात आल्या

तीन महिन्यांनी, वैशाख पौर्णिमेच्या तयारीची बैठक होती. आम्ही उभे राहून सर्वांसमोर सांगितले की, ताईंनी आम्हाला विचारले होते आणि आम्ही झोपेपायी त्यांना गूगल दाखविले. दोष द्यायचा असेल तर अर्धा आम्हाला द्या. काही वेळ कोणी बोलले नाही. मग सत्तरी ओलांडलेल्या एक आत्या म्हणाल्या, "ज्याचं चोरीला गेलं त्यालाच चोर म्हणायचं, ही रीत आपली नाही. आपल्याला लोकांनी असंच म्हटलंय आजवर." सभागृह गप्प झाले. दुसऱ्या दिवशी दोघीजणी जाऊन ताईंना घेऊन आल्या.

त्यानंतर मंडळाने काही नियम केले. आमची बी.कॉम.ची पदवी येथे थोडी उपयोगी पडली. सहलीचे पैसे आता एकटीच्या खात्यात राहत नाहीत, दोघींच्या सहीच्या खात्यात राहतात. एकीने पैसे द्यायचे, दुसरीने रोजकीर्द लिहायची. प्रवासात रोज रात्री जेवणानंतर हिशेब सर्वांसमोर वाचायचा. आणि पैशाबद्दल कोणीही फोन केला तर एकटीने उत्तर द्यायचे नाही, आधी शेजारच्या बाईला सांगायचे. हा शेवटचा नियम सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी आहे. चोराला एकटा माणूस हवा असतो. "कोणाला सांगू नका" असे तो म्हणाला की समजावे, सांगण्याची वेळ आली आहे!

रोजकीर्द लिहिण्याचे काम एकमताने पुन्हा ताईंकडेच दिले आहे.

शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा हा आपला मंत्र. यातील शिकणे शाळेपुरते नाही आणि संघटन मोर्चापुरते नाही. या अंकाचे हे पान कापून घरात लावावे, विहारात रविवारच्या वंदनेनंतर वाचून दाखवावे, आणि ज्या मुलाला मोबाईल कळतो त्याने आपल्या आईला, आजीला न रागावता समजावून सांगावे. पुढच्या प्रवासात शेजारच्या बाकावरून कोणी विचारले, "दादा, हा फोन कुठे करायचा?" तर कूस न बदलता उठून बसावे, एवढीच आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!